दात दुखतो म्हणालात, ऋषीभाऊ

ऋषीभाऊ, तुमच्या कपाटातल्या अकरा बाटल्यांपैकी एकीवरही चिठ्ठी नाही. सोळा वर्षं मी तुम्हाला सांगत होते की बाटलीवर नाव लिहा, तारीख लिहा. आणि सोळा वर्षं तुम्ही "हो मॅडम" म्हणत होतात. परवा अकरावीचं कांद्याच्या मुळाचं प्रात्यक्षिक होतं. तुम्हाला जाऊन तेव्हा बारा दिवस झाले होते. मी एकेक बाटली उघडून वास घेत उभी राहिले, जे करू नका असं मीच मुलांना दर वर्षी बजावते. पेशी रंगवायचं कार्मिन ओळखता आलं, ते लाल असतं म्हणून. बाकीच्यांत आम्ल कुठलं, मुळं बुडवून ठेवायचं मिश्रण कुठलं आणि नुसतं पाणी कुठलं, हे फक्त तुमच्या डोक्यात होतं आणि ते तुम्ही घेऊन गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

शेवटी सगळं नवीन बनवलं. तरी एकाही काचपट्टीवर काही दिसलं नाही. गोल केंद्रकं घेऊन गप्प बसलेल्या पेशी, ओळीच्या ओळी. विभागणारी एक नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली की ऋषीभाऊ असते तर दिसलं असतं, असं बारावीची मुलं म्हणतात. मी तिच्यावर ओरडले. ओरडायचं होतं तुमच्यावर, पण तुम्ही हाताशी नव्हतात.

मी वर्ध्याहून एम.एस्सी. करून ब्रह्मपुरीच्या या कॉलेजात आले तेव्हा मला वाटायचं की जीवशास्त्र मला येतं. तुम्ही प्रयोगशाळेचे परिचर, दहावी झालेले, वैनगंगेकडच्या गावाहून सायकलने येणारे. माझं पहिलं प्रात्यक्षिक हेच होतं, पेशीचं सूत्री विभाजन. मी भर दुपारी मुलांना मुळांची टोकं कापायला लावली आणि परवासारखीच फजिती झाली. मुलं कंटाळली, मी घामाघूम. तेव्हा तुम्ही एक काचपट्टी आणून माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलीत.

ते अजून डोळ्यांपुढे आहे. एका पेशीत धागे नुकते जाड व्हायला लागलेले, लोकर विस्कटावी तसे. शेजारच्या पेशीत तेच धागे मधोमध एका रेषेत उभे. पलीकडे ती रेष दुभंगून अर्धे धागे एका टोकाकडे, अर्धे दुसऱ्या टोकाकडे निघालेले. आणि वर एका कोपऱ्यात दोन टोकांना दोन गोळे होऊन मध्ये नवी भिंत पडत होती. पुस्तकात चार पानांवर असतं ते सगळं एका नजरेत.

हे कसं जमलं असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "कांदा दुपारी झोपते मॅडम. त्याले सकाळीच पकडा लागते."

मला राग आला. पेशी झोपत नाही, असं मी तुम्हाला तिथेच सुनावलं. बाहेरून काही दिसत नाही तेव्हाच तर आत सगळ्यात जास्त काम चालू असतं, प्रत्येक धाग्याची हुबेहूब दुसरी प्रत तयार होत असते, ती झाल्याशिवाय विभागणी सुरूच होत नाही. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात की मग बाहेरून झोपल्यासारखीच ना. पुढे सोळा वर्षं दर पावसाळ्यानंतर हा वाद झाला आणि एकदाही संपला नाही. प्रात्यक्षिकाच्या दिवशी तुम्ही सकाळी सातला येऊन मुळं कापून मिश्रणात टाकता, हे मला दुसऱ्या वर्षी शिपायाकडून कळलं. कोणी सांगितलं नव्हतं तुम्हाला. मी आभार मानायला हवे होते. पण 'झोपते'चा राग गेला नव्हता, म्हणून मानायचे राहिले, आणि मग इतकी वर्षं झाली की मानणं विचित्र दिसलं असतं.

तुमचा दुसरा शब्द म्हणजे वाटणी. मी फळ्यावर विभाजन लिहायची आणि तुम्ही मुलांच्या मागे उभे राहून, काचपट्टी मनगटाला लावून गरम किती झाली ते बघत, त्यांना पेशीची वाटणी समजावायचात. मी एकदा सगळ्यांसमोर तुम्हाला थांबवलं. वाटणीत प्रत्येकाच्या हाती कमी येतं, म्हणाले, इथे दोन्ही पेशींना पूर्णच्या पूर्ण संच मिळतो, कोणाचं काही कमी होत नाही. तुम्ही काचपट्टीवर टिपकागद ठेवलात, अंगठ्याने दाबलात, जराही न सरकवता, आणि मान वर न करता म्हणालात, "मी तेच म्हणून राह्यलो. ते पहिले दुप्पट करते, मंग वाटते. माणूस पहिलेच वाटते."

तुमची आणि तुमच्या मोठ्या भावाची शेताची वाटणी त्याच वर्षी झाली होती आणि समोरासमोर दारं असून बोलणं बंद होतं. हे मला माहीत होतं. तरी मी मुलांच्या वह्यांत 'वाटणी' दिसलं की लाल पेनाने खोडत राहिले. यंदाही तीन वह्यांत निघालं. आता ही मुलं कुठून शिकली म्हणून तुम्हाला विचारायची सोय नाही.

तुमच्यावर चिडण्याची मला इतकी सवय झाली आहे की चांगलं आठवलं तरी सुरुवात चिडण्यापासूनच होते. एटापल्लीकडच्या त्या शाळेत विज्ञान शिबिराला गेलो होतो तेव्हाचंच घ्या. जीपमध्ये जागा नाही, जुना आरशाचा सूक्ष्मदर्शक आणू नका, असं मी तीनदा सांगितलं होतं. तुम्ही "हो मॅडम" म्हणून तो गोणपाटात गुंडाळून पायाखाली ठेवलात. तिथे पोचलो तर वीज नाही आणि दिवसभर येणार नाही. माझा दिव्याचा नवा सूक्ष्मदर्शक टेबलावर नुसता बसला. तुम्ही गोणपाट सोडलंत, टेबल अंगणात ओढलंत, आणि दिवसभर ऊन सरकेल तसं टेबल सरकवत, आरसा फिरवत राहिलात. मुलं रांगेने येऊन बघत होती. सहावीतली असेल, एक बारकी मुलगी बराच वेळ डोळा लावून होती. तिने तुम्हाला विचारलं की हे हलत काऊन नाही. मी उत्तर द्यायला पुढे झाले, तोवर तुम्ही सांगून टाकलंत की ते मेलेलं आहे, वाटता वाटता त्याला मारलं.

"काऊन मारलं?"

"तुले दाखवासाठी."

मला वाटलं पोरगी आता रडणार. तिने तुमच्याकडे बघितलं आणि पुन्हा डोळा लावला, आणि या वेळी मागची रांग ओरडायला लागली तरी उठली नाही. मी इतकी वर्षं हे शिकवते, पण आपण बघतो ती पेशी मेलेली असते, एका क्षणाला पकडून थांबवलेली असते, हे एकाही मुलाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसानंतर सांगते. कोणाकडून शिकले ते सांगत नाही.

आता खर्र्याचं बोलते. टाळून उपयोग नाही.

सुपारी, तंबाखू आणि चुना घासून केलेली ती पुडी तुमच्या खिशात कायम असायची. मी प्रयोगशाळेत बंदी केली तर तुम्ही पुडी खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर ठेवायला लागलात आणि मला अभिमानाने सांगायचात की आत नाही खाल्ला मॅडम. जणू माझी काळजी प्रयोगशाळेच्या फरशीची होती. विभाजनाच्या शेवटच्या तासाला मी दर वर्षी शिकवते की निरोगी पेशी कुठे थांबायचं ते जाणते, पुढे जाण्याआधी धागे नीट दुप्पट झालेत का, नीट रांगेत लागलेत का, हे स्वतःच तपासते. आणि जी पेशी हे तपासणं सोडून देते, तिचं काय होतं तेही शिकवते. तुम्ही हजेरीचं रजिस्टर घेऊन दारात उभे असायचात. मी मुद्दाम तुमच्याकडे बघून बोलायची. तुम्ही पंख्याकडे बघायचात.

स्नेहसंमेलनाच्या जेवणात मी पाहिलं की तुम्ही पुरी वरणात कुस्करून, पातळ करून, कसंबसं आत सारताय. तोंड किती उघडतं ते बघायला तीन बोटं उभी घालून दाखवा म्हटलं. दीडच गेलं. दाखवून घ्या, असं मी तिथेच ताट बाजूला ठेवून सांगितलं. तुम्ही "हो मॅडम" म्हणालात. तोच बाटल्यांच्या चिठ्ठ्यांचा "हो मॅडम".

आणि मग फेब्रुवारी. बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा चार दिवसांवर आलेली, बाहेरून परीक्षक येणार, चार तुकड्या. तुम्ही माझ्या टेबलाशी आलात आणि एक अर्ज पुढे केलात. दाताच्या दुखण्यासाठी चंद्रपूरला जाणे आहे, चार दिवसांची रजा मिळावी. तुमचं गोल गोल अक्षर. ऋषीभाऊ, तीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही कधी अर्ज दिला होतात? वडशाला नाटकं लागली की थंडीत दोन दिवस न सांगता गायब व्हायचात आणि बस चुकली म्हणायचात. तुम्ही लेखी अर्ज आणलात यावरूनच मला कळायला हवं होतं. मी तो हातातही घेतला नाही. मी गुणांचे तक्ते आखत होते. म्हणाले, "परीक्षा होऊ द्या, मग जा. तुमच्याशिवाय स्लाइड कोण करणार?"

मला वाटलं मी तुमचं कौतुक केलं.

तुम्ही अर्जाची घडी केलीत, खिशात ठेवलीत आणि "बरं" म्हणालात. तोंडातून रक्त येतंय हे सांगितलं नाहीत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ताबडतोब चंद्रपूरला जा असं लिहून दिलंय, आणि तो कागद त्याच खिशात आहे, हेही सांगितलं नाहीत. दात दुखतो म्हणालात. दात.

परीक्षा उत्तम झाली. परीक्षकांनी काचपट्ट्या पाहून, असं काम आता कुठे बघायला मिळत नाही असं म्हटलं, आणि मी मान तुकवून ते स्वतःकडे घेतलं. तुम्ही पाठीमागे बशा धूत होतात. चंद्रपूरला तुम्ही गेलात ते होळीनंतर.

तिथे तोंडातला तुकडा काढला, तपासला, आणि नागपूरला जायला सांगून तुमच्या हातात पाकीट दिलं. पाकीट घेऊन तुम्ही नागपूरच्या बसऐवजी माझ्याकडे आलात. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, इमारतीत कोणी नव्हतं. तुम्ही पाकिटातून त्या तुकड्याची काचपट्टी काढलीत आणि म्हणालात की पाहू. मी नको म्हटलं. हे बघण्याचं काम आपलं नाही, डॉक्टरांचं आहे, ठेवा ते आत. बोलून होईपर्यंत तुम्ही सूक्ष्मदर्शकाचं आवरण काढून दिवा लावला होतात. तीस वर्षं दुसऱ्यांसाठी जुळवून ठेवलेल्या त्या भिंगाला तुम्ही स्वतःचा डोळा लावलात.

पहिलं काय बोललात? "रंग मस्त चढवला. आपला कार्मिन असा नाई बसत."

मी डोक्याला हात लावला. तुम्ही सावकाश काचपट्टी सरकवत राहिलात. हे ठोकून पसरवलेलं नाही, मशीनने पातळ कापलेलं आहे, असं मला समजावून सांगितलंत, मला. मग थांबलात. भिंग बदललंत. मधात रांग लावून धाग्यांचा एक संच उभा आहे, पाहा, म्हणालात. मी पाहिलं. होता. त्याच्या शेजारी आणखी एक होता. मग तुम्ही पुन्हा डोळा लावलात.

"मॅडम, हे तीनकडं ओढून राह्यलं."

मी बघितलं. एका पेशीत धागे दोन टोकांकडे न जाता तीन टोकांकडे खेचले जात होते, कोणाकडे किती याचा काही हिशेब नाही. कांद्यात असं तीस वर्षांत कधी दिसलं नाही, असं तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, नाही दिसणार. मग तुम्ही विचारलंत की म्हणजे याला कोणी थांबवत नाही. मी नाही म्हणाले. तुम्ही विचारलंत, कांद्याला तरी कोण थांबवतं? मी वर्गात सांगते तेच सांगितलं, की बाहेरून कोणी नाही, पेशी स्वतःच तपासते. तुमच्या चेहऱ्यावरून दिसलं की उत्तर पुरलं नाही. मलाही पुरलं नाही. या पेशीनेच तपासणं का सोडलं, ते सांगायला मला खिडकीबाहेरच्या कट्ट्याकडे बोट दाखवावं लागलं असतं, आणि त्या दुपारी मला ते जमेना.

त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. सुरुवात केलीही. ऋषीभाऊ, फेब्रुवारीत मी, एवढं म्हणाले. तुम्ही काचपट्टी रुमालाने धरून पाकिटात घातलीत आणि माझ्याकडे हात केलात. "कव्हर द्या त्याचं. धूळ बसते." मी कव्हर दिलं. माझं वाक्य राहिलं.

नागपुरात जबड्याचा भाग काढला आणि तुमचं बोलणं गेलं. पुढे किरणांचा शेक दिला, गाठ परत आली, आणि दिवाळीपर्यंत तुम्ही खाटेवर एवढेसे झालात. मी दर रविवारी यायची, दर वेळी ठरवून की आज सांगायचंच. तुम्ही जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून बोलायचात. शेवटच्या रविवारी मी खुर्ची जवळ ओढली, श्वास घेतला, आणि तुम्ही खूण करून कागद मागितलात. लिहायला पाच मिनिटं लागली. मला वाटलं आता काहीतरी येणार. तुम्ही लिहिलं होतंत, कार्मिन संपत आलं, मागवा. मी रागाने कागद पर्समध्ये कोंबला. बाहेर येऊन गाडीला किल्ली लावली तेव्हा रडायला आलं, पण आधी राग आला होता, हे खरं आहे.

काल तुमच्या घरी गेले होते. पार्वताबाई अंगणात एकट्या बसून सुपाने धान पाखडत होत्या. त्यांनी काळा चहा केला. मी कप हातात धरूनच सांगून टाकलं, तुम्हाला सांगता आलं नाही ते तुमच्या बायकोला. रजा मी नाकारली. पाच आठवडे माझ्यामुळे गेले.

त्यांनी सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही.

"मालूम हाय मले. त्या दिवशी घरी आले तं खुश होते. म्हणे, मॅडमनं सुटी नाई देल्ली, आता कसा जाऊ. मी म्हटलं, मी येतो कालेजात, मॅडमशी बोलतो. तं हात जोडले माह्यापुढं."

मग त्यांनी सूप पुन्हा उचललं.

"भेव लागे त्यायले. तो डाक्टरचा कागद दाखवला असता तं तुमी पाठवलं असतं. म्हणून तं नाई दाखवला."

परीक्षा संपल्यावरही महिनाभर त्या रोज मागे लागत होत्या आणि तुम्ही रोज माझं नाव सांगत होतात. मॅडमचं काम बाकी आहे, मॅडम सोडत नाही. मी तेव्हा उत्तरपत्रिका तपासायला घरी बसले होते, ऋषीभाऊ. माझं तुमच्याकडे काही काम नव्हतं.

काल सगळ्या रस्त्याने मी तुमच्याशी भांडत आले. इतके महिने मी झोपले नाही धड, आणि तुम्ही माझ्या नकाराच्या आड जाऊन बसला होतात. मला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली, कारण तुम्ही आड बसलात ती भिंत मीच उभी करून दिली होती, मान वर न करता, तक्ते आखता आखता. तुम्ही घाबरला होतात आणि मी कामात होते. यात कोणाचा वाटा किती, हे मला काढता येत नाही, आणि तुम्ही नाही म्हणून वादही घालता येत नाही.

एक शब्द बोलायला हवं होतं तुम्ही. दात नाही, भीती म्हणायचं. मी तुम्हाला घेऊन चंद्रपूरच्या बसमध्ये बसले असते. परीक्षा टाकून गेले असते. स्टाफरूममध्ये मी सगळ्यांना हेच सांगते आहे, की मला कळलं असतं तर मी परीक्षा टाकून गेले असते, आणि सगळे मान डोलावतात. काल पार्वताबाईंनाही तेच सांगितलं. त्यांनीही मान डोलावली.

तुमच्यापाशी एवढंच म्हणते, की गेले असते, बहुतेक.